अठ्ठावीस मिनिटांचा तास

त्या गुरुवारी घरातून निघताना नीळकंठ देवपुजारी सरांनी कार्डशीटची गुंडाळी तिसऱ्यांदा सोडली, पाहिली आणि पुन्हा गुंडाळली. चारुलताबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या.

"तो कागद काही पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "डबा धरा आधी."

"कागद नाही, तक्ता आहे. चार प्रोसेसर, चार असेंबलर, आठ मुद्दे. चाळीस मिनिटांत बरोबर बसतं. रात्री दोनदा म्हणून पाहिलं."

"आणि नारायणरावांना नाही पटलं तर?"

"तर वडनेर भोलजी," सर म्हणाले आणि बुटात पाय घालू लागले.

वडनेर भोलजीत वाईट काही नाही. गाव मोठं, माणसं मोकळी. पण चिखलीहून तिथं जायचं म्हणजे दोन एसट्या बदलाव्या लागतात, आणि संस्थेच्या तिथल्या शाळेत सरांना आठवीला सामान्य विज्ञान शिकवावं लागलं असतं. चिखलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते बावीस वर्षं 'बायफोकल'च्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. अकरावी-बारावीचा दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय. एकेकाळी त्याला रांग लागायची. यंदा अकरावीला अकरा जण होते. पुढच्या वर्षी तुकडी बंद करावी, प्रयोगशाळेत संगणकाच्या खुर्च्या मांडाव्यात आणि अतिरिक्त ठरलेल्या देवपुजारी सरांना वडनेरला पाठवावं, असं संस्थेत बोललं जात होतं. अध्यक्ष नारायणराव मात्र जुन्या चालीचे. ते म्हणाले, आधी पाहू तर द्या हा माणूस शिकवतो काय. म्हणून आज मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास सरांचा होता. समोर मुलं बसणार होती आणि मागच्या बाकावर अध्यक्ष.

सरांनी विषय निवडला तो चार प्रोसेसरांच्या असेंबलरांची तुलना. ज्यांना या भानगडीशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. त्याला फक्त आकडे कळतात. माणसाला सतत आकड्यांत बोलणं जमत नाही, म्हणून तीनचार अक्षरी शब्द ठरवलेले असतात. ती असेंब्ली भाषा. त्या शब्दांचे आकडे करून देणारा दुभाषा तो असेंबलर. प्रत्येक प्रोसेसरची बोली निराळी आणि प्रत्येक दुभाष्याच्या खोडीही निराळ्या. सरांचं म्हणणं मात्र बावीस वर्षं एकच होतं: शब्द बदलतात, मतलब बदलत नाही. एक असेंब्ली नीट आली की बाकीच्या आल्याच. "चिखलीत काऊन म्हणतात, देऊळगाव राजाकडे कामून म्हणतात, पुण्यात का म्हणतात. विचारायचं एकच असतं ना?" हे वाक्य ते दर जूनमध्ये पहिल्या तासाला म्हणत आणि मुलं दर जूनमध्ये हसत.

त्यांची मुलगी गार्गी पुण्यात एका कंपनीत हेच काम करत होती. तिला हे वाक्य पाठ होतं आणि ते तिला पटत नव्हतं.

"बाबा, मतलबसुद्धा बदलतो," ती फोनवर म्हणाली होती. "विशेषतः आकडे. प्रत्येक असेंबलरची आकडा लिहायची पद्धत वेगळी असते. तेवढं तपासून घ्या."

"तुला 'हेलो'च्या आधी हेक्स कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग झालं तर."

हे बोलणं तक्त्याबद्दल नव्हतं, घंटेबद्दल होतं. कॉलेजची घंटा एकोणीस वर्षं सरांच्या यंत्रावर वाजत होती. पूर्वी शिपाई गोकुळ रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचा, आणि त्याला जेव्हा आठवण होईल तेव्हा तास संपायचा. सरांनी प्रयोगशाळेतल्या एका जुन्या ८०८५ च्या किटला बेल जोडली. सकाळी अकराला गोकुळनं बटण दाबायचं, पुढचं सगळं यंत्र पाहायचं. एकोणीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. गावातले दोन दुकानदार त्या घंटेवर घड्याळ लावत. दिवाळीनंतर ते किट अखेर बंद पडलं, तेव्हा गार्गीनं पुण्याहून दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरचा एक निळा बोर्ड पाठवला. जुना प्रोग्राम नव्या बोलीत उतरवून सरांनी बुधवारी संध्याकाळी तो बोर्ड बसवला, मुद्दाम. गुरुवारी अध्यक्षांना म्हणता येईल, की साहेब, ही घंटा ऐकताय ना, तीच विद्या ही.

उतरवताना नव्या असेंबलरनं दोन चुका दाखवल्या. जुन्या वहीत हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या हिशेबात, मधल्या सुट्टीची तीस मिनिटं '1E' अशी लिहिली होती आणि बेल वाजत राहायचे दहा सेकंद '0A' असे. ते नव्या असेंबलरला कळेनात. सर हसले. "एवढं पण येत नाही होय तुला?" असं म्हणून त्यांनी सरळ ३० आणि १० लिहिले. असेंबलर म्हणाला, चुका शून्य. सरांनी समाधानानं संगणक बंद केला आणि सायकल काढली.

गुरुवारी अकरा वाजता गोकुळनं बटण दाबलं. नारायणराव अकरालाच हजर झाले होते, कारण त्यांना सगळे वर्ग पाहायचे होते. प्राचार्या संजीवनी खेडेकर मॅडम त्यांना घेऊन बारावी कलाच्या वर्गात गेल्या. तिथं भूगोलाचे सर नद्या सांगत होते. नद्या निम्म्या झाल्या असतील नसतील, तोच घंटा वाजली.

नारायणरावांनी मनगटावर पाहिलं. आयुष्य धान्याच्या आडतीत गेलेलं. बाजार उघडायची आणि मिटायची वेळ त्यांच्या अंगात मुरलेली. अकरा अठ्ठावीस. मॅडमनीही पाहिलं. अध्यक्षांना लवकर निघायचं असेल, म्हणून कार्यालयानं परस्पर शॉर्ट पिरियड ठेवले असतील, असं मॅडमना वाटलं. आपल्याला सगळे वर्ग दाखवता यावेत म्हणून मॅडमनी तास लहान केले असतील, असं नारायणरावांना वाटलं.

"बरं केलं मॅडम, तास लहान ठेवले ते," नारायणराव म्हणाले.

आता यावर कोणती प्राचार्या 'मी नाही ठेवले' म्हणेल? "तुमच्यासाठीच, साहेब," मॅडम म्हणाल्या.

शिक्षकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर कोणीतरी घाबरत विचारलं, 'आज शॉर्ट पिरियड आहेत का?' मॅडमनी चालता चालता अंगठा दाखवला. त्याबरोबर आणखी चौदा अंगठे आले, कारण सूचना वाचली नाही असं कोणालाच दिसायला नको होतं. मुलांना तर पहिल्या घंटेनंतर पाच मिनिटांतच सगळं कळलं होतं. पण तास लवकर संपला म्हणून तक्रार घेऊन गेलेला विद्यार्थी बुलढाणा जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

हे कळलं नाही ते एकट्या देवपुजारी सरांना. मॅडमनी त्यांना सकाळचे तास माफ केले होते. ते प्रयोगशाळेचं दार ओढून तक्त्याच्या शेवटच्या ओळींवर पेन फिरवत बसले होते. घड्याळ त्यांनी कित्येक वर्षांत वापरलं नव्हतं. स्वतः लावलेली घंटा असताना मनगटावर दुसरी कशाला? मोबाईल पिशवीत, आवाज बंद. तासाची घंटा झाली की ते मनात मोजत: एक, दोन. वेळ जरा भरभर जातो आहे असं त्यांना वाटलं खरं. पण परीक्षेच्या दिवशी असं होतंच, हे ते मुलांना नेहमी सांगत आले होते. आज आपलीच परीक्षा आहे, असं म्हणून त्यांनी घाम पुसला.

तक्ता सुरेख झाला होता. पहिल्या असेंबलरात शेरा अर्धविरामानं सुरू होतो, चौथ्यात दुसऱ्याच चिन्हानं. एकात ठिकाण आधी लिहायचं आणि वस्तू मागून. दुसऱ्यात काही हुकमांना नेमकं उलटं. सहाव्या ओळीचं नाव होतं 'खूण न केलेला आकडा', म्हणजे सोळाच्या हिशेबाचा की दहाच्या हे न सांगता लिहिलेला. तिच्या पहिल्या घरात सरांनी ८०८५ च्या किटप्रमाणे 'सोळाच्या हिशेबात' असं लिहिलं. मग हात पुढे सरकला आणि उरलेल्या तीन घरांत त्यानं सवयीनं लिहून टाकलं: तदेव, तदेव, तदेव.

चौथी घंटा झाली आणि मधली सुट्टी झाली, तेव्हा गोकुळ चहा घेऊन आला.

"सर, एक विचारू का? आज घंटा लवकर लवकर होऊन राह्यली काय?"

"गोकुळ, एकोणीस वर्षांत कधी झाली का?"

"नाय बा. पण पोट्टे लई खूश हायेत आज. अन् तिकडं स्टाफरूमात साहेबाचं जेवण अजून आलंच नाही. मॅडमच्या घरून डबे दीड वाजता यायचे होते, सुट्टी तं आत्ताच झाली. साहेब नुसत्या चहावर बसले हायेत."

"डबेवाल्याला उशीर झाला असेल. घंटा चुकत नाही, गोकुळ. माणसं चुकतात."

गोकुळनं एकदा बेलच्या पेटीकडं पाहिलं, एकदा सरांकडं, आणि कप उचलला. "हाव," तो म्हणाला. सरांशी वाद घालायचा नाही हे त्याचं जुनं धोरण होतं.

अशा रीतीनं उपाशी अध्यक्ष, भांबावलेल्या प्राचार्या आणि उत्साहानं फुललेली अकरा मुलं यांच्यासमोर सरांनी तक्ता टांगला. सुरुवात झकास झाली. काऊन, कामून आणि का ऐकून नारायणराव हसलेसुद्धा. सरांनी एकच छोटं काम, दोन आकड्यांची बेरीज, चारही बोलींत फळ्यावर लिहून दाखवलं. डिंपल नावाची पुढच्या बाकावरची मुलगी मध्येच म्हणाली, "सर, तिसऱ्याले दोन ओळी कमी लागून राह्यल्या, मंग तोच बरा ना?" सर खुलले. "कमी ओळी म्हणजे बरा असं नाही. दोन ओळी कमी, पण त्याला जागा किती लागते ते पाहू," ते म्हणाले आणि मोजायला लागले. पाचवा मुद्दा संपला. शेवटची बारा मिनिटं त्यांनी उरलेल्या तीन मुद्द्यांसाठी आणि आपल्या मुख्य म्हणण्यासाठी राखून ठेवली होती: ही एकच तुकडी अशी आहे, जिथं मूल यंत्राच्या पोटात काय चालतं ते हातानं शिकतं. त्यासाठी लागणारी दोन वाक्यं त्यांनी आठ दिवस घोटली होती. ते सहाव्या ओळीकडं वळले.

घंटा वाजली.

पुरे दहा सेकंद वाजली. नारायणराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "चांगलं होतं सर. समजलं थोडं थोडं. चला मॅडम, डबे आले असतीन."

"साहेब, अजून तास संपला नाही," सर गोंधळून म्हणाले.

"संपला ना. मॅडमनं आज अठ्ठावीस अठ्ठावीस मिनिटाचे तास ठेवले हायेत. मी सकाळपासून घड्याळ पाहून राह्यलो. एका मिनिटाचा फरक नाही."

अठ्ठावीस. सरांच्या कानात तो आकडा पडला आणि हातातला खडू तिथंच थांबला. त्यांनी हळूच तक्त्याच्या सहाव्या ओळीकडं पाहिलं. तदेव, तदेव, तदेव. जुन्या वहीतलं पान त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तासाची मिनिटं: २८. पुढं कसलीही खूण नाही, कारण किटवर सगळेच आकडे सोळाच्या हिशेबात असत. दोन सोळा आणि वर आठ, चाळीस. परीक्षेत ही खूण विसरणाऱ्या मुलांचा त्यांनी बावीस वर्षं अर्धा गुण कापला होता. 1E दिसल्यावर नवा असेंबलर ओरडला. २८ मध्ये ओरडण्यासारखं काही नव्हतं. त्यानं ते जसं दिसलं तसं वाचलं.

सरांना लाज वाटली, आणि ती साधी वाटली नाही. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की कोणालाच काही माहीत नाही. मॅडम समजतात कार्यालयानं केलं, साहेब समजतात मॅडमनी. गप्प बसलं, संध्याकाळी आकडा बदलला, की संपलं. अध्यक्षांना बोलणं आवडलं आहे. उपाशी माणूस घाईत आहे. दारात पुढच्या तासाचे मराठीचे सर खडू घेऊन उभे आहेत. गप्प बसायला इतकी सोयीची वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती.

"साहेब, बसा," सर म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "माझी बारा मिनिटं राहिली आहेत. तास कोणी लहान केले नाहीत. माझ्याकडून चूक झाली."

मॅडमनी कपाळाला हात लावला. नारायणराव उभ्या जागी वळले. "म्हंजे?"

मग सरांनी तक्ता बाजूला सारला आणि फळ्यावर मोठ्ठा २८ काढला. हा एकच आकडा, ते म्हणाले. जुन्या दुभाष्याला दाखवला, तो म्हणाला चाळीस. नव्याला दाखवला, तो म्हणाला अठ्ठावीस. दोघंही प्रामाणिक, दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि मधला माणूस, म्हणजे मी, बावीस वर्षं सांगत राहिलो की मतलब बदलत नाही. सरांनी ते सहाव्या ओळीतले तीन तदेव मुलांसमोर एकेक करून खोडले. सकाळपासून सगळा वर्ग हा आकडा जगला होता, त्यामुळं सोळाचा हिशेब त्या दिवशी जितका कळला तितका एरवी महिनाभरात कळत नसे.

"म्हणून बारावीच्या भूगोलाच्या नद्या अर्ध्याच राह्यल्या!" डिंपल ओरडली आणि वर्ग कोसळला.

नारायणराव हसले नाहीत. ते खाली बसले होते आणि फळ्याकडं पाहत होते. "पायली," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आमची पायली अन् जालन्याकडची पायली एक नोहे, सर. माह्या बापानं पहिल्या साली तिकडून ज्वारी घेतली. बोलणं झालं पायलीवर. त्यानं त्याच्या पायलीनं मोजली, यानं ह्याच्या. दोघंबी खरे, अन् दोघांचं भांडण सात वर्ष पुरलं." मग सरांकडं वळून ते म्हणाले, "तुमी गप बसले असते तं मले कळलं नसतं."

"मला कळलं असतं," सर म्हणाले.

बारा मिनिटं संपली. घोटून ठेवलेली दोन वाक्यं म्हणायची राहूनच गेली. सरांनी पेटीचं बटण बंद केलं आणि गोकुळनं माळ्यावरचा रुळाचा तुकडा काढून हातोडी मारली. उरलेले तास पूर्ण चाळीस मिनिटांचे झाले आणि त्या दिवशी ते सगळ्यांना फार लांब वाटले.

जाताना नारायणराव मोघम बोलले. "मी काय सांगू? जूनमधी वीस पोट्टे आले तं तुकडी राह्यते. नाही आले तं माह्या हातात काही नाही."

संध्याकाळी सरांनी स्वतःहून गार्गीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती हसेल अशी त्यांची तयारी होती.

"बाबा, माझ्याकडूनही हेच झालं होतं," ती म्हणाली. "कंपनीत, पहिल्या वर्षी. तुम्हाला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही अर्धा गुण कापला असता."

सर म्हणाले, "हो, कापला असता." आणि दोघंही हसले.

जून उजाडला. सरांनी मनातल्या मनात वडनेरच्या एसट्यांची वेळ काढून ठेवली होती. पण बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्रेचाळीस अर्ज आले. मॅडम थक्क झाल्या, नारायणरावांनी पेढे मागवले. सरांनी पहिल्या तासाला नव्या मुलांना कौतुकानं विचारलं, की हाच विषय का घ्यावासा वाटला. मुलं एकमेकांकडं पाहू लागली. शेवटी मागून एकजण खरं बोलला: "सर, हा विषय घेतला का तास लहान करता येतो म्हंते. आमाले डिंपलताईनं सांगतलं."

सरांना वाईट वाटायला हवं होतं. आठ दिवस घोटलेल्या दोन वाक्यांनी जे जमलं नसतं, ते एका चुकीनं केलं होतं, आणि तेही भलत्याच कारणानं. पण समोर त्रेचाळीस जण बसले होते. "करता येतो," सर म्हणाले. "पण त्याला दोन वर्षं लागतात." आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ते बारावीवर होते. तास रंगला होता. सांगायचं ते सांगून झालं, घंटेची वाट पाहिली, ती होईना. शेजारच्या वर्गात भूगोलाचे सर सगळ्या नद्या संपवून पर्वतांवर आले होते. दर दोनचार मिनिटांनी कोणी ना कोणी व्हरांड्यात डोकावे आणि परत जाई. मोबाईलवर मॅडमना विचारायची कोणाचीच छाती नव्हती. अभ्यासक्रम मागं राहिला म्हणून मॅडमनी तास वाढवले असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सरांनी वर्गावर नजर फिरवली. डिंपल वहीत डोकं खुपसून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. सरांना एका क्षणात उमगलं. त्यांनी पेटीतल्या प्रोग्राममध्ये आता सरळ ४० लिहिलेलं होतं. सगळी करामत त्या खुणेत आहे, एवढंच अर्धवट ध्यानात ठेवून कोणीतरी पेटी उघडली होती आणि ४० च्या आधी मोठ्या आशेनं सोळाच्या हिशेबाची खूण ठोकून दिली होती.

चार सोळे. चौसष्ट मिनिटं.

सरांनी फळा स्वच्छ पुसला, नवा खडू घेतला आणि म्हणाले, "चला, वेळ आहे. पुढचा धडा काढा."